बिनमिठाचा रविवार

मी बरणी बोलतेय. पाच लिटरची, जाड काचेची, गळ्याखाली एक बुडबुडा अडकलेली. कारखान्यातल्या तपासनिसानं तो बुडबुडा पाहिला होता. पण शनिवारची दुपार होती आणि त्याला तिसा नदीवर मासे धरायला जायचं होतं, म्हणून मी पास झाले. पुढे बरीच माणसंही अशीच पास झालेली पाहिली, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही.

जत्रेतून मला घरी आणलं ते काल्मान नावाच्या गृहस्थानं, मध ठेवायला. त्यानं पेट्या मांडल्या, जाळीची टोपी विकत घेतली, गावभर सांगून ठेवलं. मधमाश्यांनी मात्र मनावर घेतलं नाही. दोन वर्षं मी रिकामी बसले. शेवटी त्याच्या बायकोनं, इल्काबाईंनी, मला उचललं, गरम पाण्यानं धुतलं आणि काकड्या भरल्या. काल्मान जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी अजून काकड्याच सांभाळते.

उन्हाळा आला की आमच्या अंगणात माणसं जमतात. त्याआधी इल्काबाईंच्या मुलाचा, देनेशचा, फोन येतो. "आई, काही खटाटोप करू नकोस. साधंच करू. शेकोटीवर डुकराची खारवलेली चरबी भाजू, टपकेल ती पावावर धरू, सोबत कांदा आणि तुझ्या काकड्या. सोपं काम."

सोपं म्हणजे काय, ते सांगते. इल्काबाई चार दिवस आधी काकड्या भरतात, आदल्या दिवशी पाव भाजतात, सकाळी अंगण झाडून बाकं पुसतात आणि परडीभर कांदे चिरतात. देनेश चरबी टोचायला काठी तासतो. एकच, स्वतःपुरती. शेजारचे व्हिन्त्से वाइन आणतात आणि तीत सोडा किती घालावा यावर तासभर भाषण करतात. निघताना सगळे म्हणतात, बघा, घरच्या घरी किती सोपं असतं.

काकड्यांचं कामही तसंच सोपं. दोन्ही टोकांना चीर द्यायची, माझ्यात उभ्या रचायच्या, शेपूचे फुललेले दांडे आणि लसूण खोचायचा, मिठाचं कोमट पाणी ओतायचं आणि आंबणं लवकर धरावं म्हणून वर पावाची जाड चकती ठेवायची. तीवर बशी. मग मला दक्षिणेच्या खिडकीत चार दिवस उन्हात बसवायचं. काकड्या आंबतात, पाणी गढूळ होतं, आणि लोक ते पाणीसुद्धा पेले भरून पितात. इल्काबाईंनी मीठ कधी मोजलं नाही. मूठ भरायची आणि सोडायची. चमचे मोजणाऱ्या बायकांची त्यांना कीव यायची.

सोळा वर्षांपूर्वी सून आली, नोएमी. पहिल्याच उन्हाळ्यात बिचारीनं दुकानातून व्हिनेगरमधल्या काकड्यांची बाटली आणली आणि माझ्या शेजारी टेबलावर ठेवली. सगळ्यांच्या माना वळल्या. इल्काबाईंनी बाटली फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. रिकामी झाली की फुलं ठेवता येतील." तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी त्या बाटलीची आठवण काढतं. माणसं वाढदिवस विसरतात, असलं काही विसरत नाहीत.

यंदाच्या वसंतात इल्काबाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि व्हिन्त्सेंची टोमॅटोची रोपं बघायला गेल्या. भांडं जळलं, पडदाही पेटला. देनेश धावत आला. "आई, आता आणखी एक चूक झाली तर मी काही ऐकणार नाही. शहरातल्या वृद्धाश्रमात खोली बोलून ठेवलीय." इल्काबाई कोरड्या फडक्यानं मला पुसत राहिल्या. मी तेव्हा स्वच्छच होते.

नोएमी औषधांच्या दुकानात कामाला आहे. दर बुधवारी ती सासूची औषधं आणि बाजार घेऊन येते आणि दोघी तासभर मनसोक्त भांडतात. यंदा माणसं जमणार होती त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी इल्काबाई माझ्यासमोर मिठाची मूठ भरून उभ्या होत्या.

"आई, पाव इतका जाड कशाला कापायचा?" नोएमीनं विचारलं.

"सोळा वर्षं झाली, अजून विचारतेस? आण इकडे ती सुरी."

सुरी धरायला हात रिकामा हवा, म्हणून मीठ परत डब्यात गेलं. पाव कापून दाखवला, टोमणा मारून झाला, कोमट पाणी ओतलं, बशी ठेवली. डब्याचं झाकण लागलं आणि मीठ आतच राहिलं. मला दिसत होतं, पण सांगणार कसं? आम्हा वस्तूंना वाचा फुटते ती शाळेतल्या निबंधात, आणि तीही सगळं होऊन गेल्यावर.

चार दिवस ऊन मनापासून तापलं. माझ्या आत काय झालं ते जेवणाऱ्यांना सांगण्यासारखं नाही. इल्काबाईंना हल्ली वास येत नाही. तेही त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी शेकोटी पेटली, माणसं जमली, आणि मला न्यायला नोएमी स्वयंपाकघरात आली. तिनं बशी उचलली आणि तोंड बाजूला केलं. मग पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मागे इल्काबाई उभ्या होत्या.

"काय झालं?"

"मीठ नाही, आई."

इल्काबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग आपल्या मुठीकडे. त्या स्टुलावर बसल्या, आणि माझ्या ओळखीत पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या. मला फार वाईट वाटलं.

"काकड्या येताहेत की पुढच्या वर्षी?" बाहेरून देनेश ओरडला.

नोएमीनं मला कवेत उचललं, अंगणात नेलं आणि टेबलावर ठेवलं. "यंदा मी भरल्या होत्या," ती म्हणाली. "बुधवारी. मीठ घालायचं विसरले. फेकाव्या लागतील."

मग काय, मेजवानीच झाली. व्हिन्त्से म्हणाले, "तरी ती बाटलीच बरी होती, नोएमी." देनेशनं काठी फिरवत सुरुवात केली. "सोळा वर्षं हिनं बघितलं, आणि मीठ विसरली. पाणी, मीठ, काकडी. एवढं सोपं काम. उद्या उकडलेलं अंडं करपवेल." नोएमी मान खाली घालून कांद्याच्या चकत्या लावत राहिली. इल्काबाई दारात उभ्या होत्या. गप्प राहणं त्यांना परवडणारं होतं. त्यांचं घर वाचत होतं, आणि त्यांच्याच जुन्या विनोदावर सगळे हसत होते.

"देनेश, पुरे," त्या म्हणाल्या. "मीठ मी विसरले. ती खोटं बोलतेय."

शेकोटीवर चरबी टपटपत होती. कुणी पाव धरला नाही.

देनेशनं काठी खाली ठेवली. "आई, मग आता ती खोली..."

"त्या खोलीला ऊन येतं का?" नोएमीनं मध्येच विचारलं.

"मागच्या बाजूला आहे. गार असते. उन्हाळ्यात बरी."

"मग आई बरणी उन्हात कुठे ठेवतील?"

देनेशनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच नीट पाहिलं असेल. मग म्हणाला, "आणि गॅस?"

"आपोआप बंद होणारी शेगडी मिळते. मी आणते. आणि बुधवारसारखी शनिवारीही येत जाईन."

"म्हणजे आठवड्यातून दोनदा भांडण," इल्काबाई म्हणाल्या. आवाज ओला होता, पण टोमणा जागच्या जागी होता. देनेशनं चरबीत भिजवलेला पाव आईच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसला. खोलीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. सोमवारी वृद्धाश्रमाला खोली नको म्हणून कळवलंही.

आता मी परत खिडकीत आहे, पोट भरलेलं, अंग तापलेलं. माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. इल्काबाई मीठ टाकतात, तेही चमच्यानं, आणि नोएमी मोठ्यानं तीनपर्यंत मोजून चिठ्ठीवर खूण करते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर छातीवर हा बिल्ला लागेल असं वाटलं नव्हतं. तुमच्याकडेही उन्हाळ्यात माणसं जमणार असतील आणि कुणी म्हणालं, साधंच करू, तर कृपा करून एवढंच विचारा, की करणार कोण.

चिठ्ठीवर पाच खुणा, म्हणजे पाच वेळा काकड्या भरून झाल्या आहेत. नोएमीला अजूनही पावाची चकती नीट जाड कापता येत नाही. इल्काबाई बघतात, आणि ती चकती बशीखाली झाकून टाकतात.