चीक लागलेले अंगठे

“समिती परत जाईपर्यंत त्या काजूवाल्या मुलींचा विषय कुणी काढायचा नाही.”

प्राचार्य हे विनीत सरांना सांगत होते. दाराबाहेर योगिनी मॅडम उभ्या आहेत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी भिंतीवर होतो; पण माझ्यासमोर कुणी जपून बोलत नाही.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजातलं हजेरीचं यंत्र बोलतोय.

खोक्यातून बाहेर आलो, तेव्हा शिपाई भिकाजी यांनी मला हळदकुंकू लावलं, तेही नेमकं काचेवर. पहिल्या दिवशी मला सगळ्यांचे अंगठे लालच दिसले. विनीत सरांनी केलेल्या डिजिटल आराखड्यात माझा मान पहिला. अंगठा जुळला तर मूल हजर, नाही तर गैरहजर.

माणसं मजेशीर असतात. कुणी अंगठ्यावर फुंकर मारतं, कुणी तो केसांवर घासतं. दर्शन नावाचा मुलगा वेळेवर अंगठा लावतो आणि तसाच मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जातो. माझ्या लेखी कॉलेजात त्याच्याइतकं नियमित कुणी नाही.

दीपालीचं उलटं. हंगाम लागला की तिच्या घरी सगळे ओले काजू सोलायला बसतात. चीक लागून बोटांची सालं जातात. तिचा अंगठा मला कोराच दिसतो. “धुवून ये गो,” भिकाजी म्हणतात. ती धुवून येते, मी पुन्हा नाही म्हणतो. मग ती वर्गात जाऊन बसते, आणि माझ्याकडे गैरहजर लागते.

आता हजेरी कमी म्हणून तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. अशा मुलींची हजेरी कागदावर घ्यावी, तर समितीला ‘संपूर्ण डिजिटल’ असं सांगता येत नाही. मग समिती विनीत सरांच्या आराखड्याचे गुण कापते.

योगिनी मॅडम नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. मेंदीमुळे त्यांचाही अंगठा मला जुळला नव्हता. तेव्हा प्राचार्यांनी हसत हसत कागदावर सही घेतली होती. मॅडम फारशा बोलत नाहीत. नेमणूक वर्षावर्षाची, आणि ती द्यायची की नाही हे प्राचार्यांच्या हातात.

काल विद्यापीठाची समिती आली. त्यातल्या एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, की ह्याच्यामुळे कुणा विद्यार्थ्याची अडचण होते का. छे, सगळे खूश आहेत, असं प्राचार्य म्हणाले. विनीत सरांनी मान डोलावली. भिकाजी उगाचच माझी काच पुसू लागले.

मला आवाज असता तर बोललो असतो. मला अंगठा दिसतो, पोर दिसत नाही. मला जरूर ठेवा, बाबांनो, पण सगळं माझ्यावर सोडून मोकळे होऊ नका.

समिती जायला वळली. तेव्हा योगिनी मॅडम एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी आधी प्राचार्यांकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे.

“होते अडचण. दीपाली माझ्या तासाला रोज पुढच्या बाकावर असते. यंत्र तिला गैरहजर म्हणतं. मी शिकवते, सर. मला ती दिसते.”