शिक्रा माझ्या डोक्यावर बसला

मी एक जुना बांबू आहे. की बुजगावणं? मित्रांनो, गोंधळ इथूनच आहे.

पारशिवनीजवळ यमुताईंच्या शेतात ज्वारी असायची. तेव्हा मला आडवे हात बांधले, मडक्याचं डोकं दिलं, सदरा चढवला. काम एकच, पाखरं हाकलणं. यमुताई माझं कौतुक करायच्या.

यंदा हरभरा आहे. हरभऱ्यावर अळी पडली. मागच्या हंगामात फवारताना यमुताईंच्या धाकट्या भावाला, रुपरावला, विष चढलं होतं. दवाखान्यातून तो कसाबसा परतला. म्हणून यंदा फवारा नको, अळ्या पाखरंच खातील, असं ताईंनी ठरवलं. माझं डोकं काढलं, सदरा काढला. आता पाखरांनी माझ्या हातांवर बसायचं.

ज्यांना हाकललं त्यांनाच बोलवायचं? कसं? ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

तरी कोतवाल आले. काळे, दुभंगल्या शेपटीचे. अळ्या टिपू लागले.

मग शिक्रा आला, लहान पाखरं मारणारा शिकारी पक्षी. माझ्या हातावर बसला. कोतवाल पसार.

रुपरावने घाईने माझं डोकं परत बसवलं. सदराही. शिक्रा आला आणि थेट त्या डोक्यावर बसला.

कोतवाल बांधावरच्या तुरीपलीकडेच राहिले. अळ्या वाढल्या. रुपरावने फवारणीचा पंप धुवायला काढला. तेवढ्यात यमुताई आल्या.

"काहून गा, याले डोकं कोणं बसवलं?"

"मीनंच. शिकऱ्याले भेव वाटाव म्हनून."

"शिकरा तं मजेत बसून राहिला. भेले ते कोतवाल. डोकं याले नाही, तुले पाहिजे."

"मंग अळ्या कोन खाईन? तू?"

ताई माझा सदरा ओढू लागल्या, तसा शिक्रा उडाला.

आणि तुरीतून एक कोतवाल सुटला. दुसरा. मग साळुंक्या, वेडे राघू. एवढीशी पाखरं! ओरडत, शिक्र्याच्या पाठीवर चोच मारत, नदीपर्यंत त्याच्या मागे.

मला काही कळेना. माझ्या फाटक्या सदऱ्याला भिणारी ही पाखरं खऱ्या शिकाऱ्यावर धावली? म्हणजे ती भीत नाहीत?

तोवर ताईंनी माझा सदरा आणि डोकं उतरवलं होतं. एक कोतवाल परतला. माझ्या हातावर बसला. त्याची चोच उघडी होती. नखं थरथरत होती.

भीत होता. तरी गेला होता. हे दोन्ही एकाच पाखरात कसं मावतं, मला अजून सांगता येत नाही.

थोड्या वेळाने तो खाली उतरला. अळी घेऊन वर आला.

रुपराव बघत राहिला. "आज नाही फवारत," तो म्हणाला. त्याने पंप पालथा घातला.

मित्रांनो, शेतात माझ्यासारखा कोणी उभा दिसला, तर त्याला डोकं देऊ नका. घाबरून आलेल्याला टेकायला हात तेवढा राहू द्या.