बिरूची शीळ

"आ करा. आन हलू नगा," असं म्हणत भामाबाईनं नवऱ्याचा वरचा ओठ उचलला आणि टाके घातलेल्या हिरडीवर चिमूटभर भंडारा दाबला.

बिरूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण देवाचा भंडारा थुंकायचा कसा? त्यानं तोंड मिटून घेतलं.

तीनच दिवसांपूर्वी बारामतीत रोहिणी डॉक्टरांनी ती हिरडी उघडून साफ केली होती. समोरचे दोन दात नुसते डुगडुगत होते. दात गेले की शीळ जाणार, आणि शीळ गेली की सत्तर मेंढरं वळवायची कशी? हयातभर बिरूनं काठी फक्त टेकायला वापरली होती. निरवांगीच्या रस्त्यावर उसाचे ट्रक माणसालाही जुमानत नाहीत, तिथं मेंढरांचा काय पाड!

"एक नवीन औषध भरते, पण खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "जखम झाली की रक्तातल्या राखणदार पेशी धावून येतात, जंतूंना मारतात. कधीकधी मात्र थांबतच नाहीत, आपलंच हाड पोखरतात. यातलं प्रथिन त्यांना शांत करून जखम भरायला लावतं, असं दिसतंय."

"म्हंजी लांडगा गेला तरी कुत्री चवताळल्यालीच, आन मेंढरंच फाडाय लागल्याली," बिरू म्हणाला. "घाला औषद."

"डुकराच्या पिल्लांच्या दातांपासून करतात. चालेल ना?"

बिरूनं मान हलवली. भामाबाईनं मात्र पदर तोंडाला लावला. ज्या तोंडानं बिरोबाचं नाव घ्यायचं, त्यात डुक्कर! जखमेला बोटही लावायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण कळपातल्या प्रत्येक जखमेला तिनं आजवर भंडाराच लावला होता.

आठव्या दिवशी टाके उसवले, पू झाला. दोन्ही दात चिमट्यात अलगद आले.

"हे पिवळं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

धरणीनं पोटात घ्यावं असं भामाबाईला झालं. बिरू तिच्याकडे न बघता बोबड्या तोंडानं म्हणाला, "म्याच लावला भंडारा."

दुसऱ्या दिवशी कळप रस्त्याकडे सरकला. वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला. बिरूनं ओठ आवळून फुंकलं. नुसती हवा निघाली. त्यानं पुन्हा फुंकलं, पुन्हा.

बाईमाणसानं शीळ घालू नये, हे भामाबाई लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं दोन बोटं तोंडात घातली. आधी थुंकी उडाली. मग एक कापरी शीळ निघाली.

मेंढरं थांबली. माना वळवून बिरूकडे बघत राहिली.