भरलेल्या बोटीचा वेग

चारशे घोड्यांच्या ताकदीचं इंजिन बसवलं आणि बोट पळाली ताशी शहाऐंशी किलोमीटरने.

भाऊजींनी दुसरी फेरी मारली, तिसरी मारली. काटा तिथेच, जणू कुणी खिळा ठोकून ठेवलाय. धक्क्याला बोट लावताना त्यांचं तोंड उतरलं होतं. वहिनींनी दोर झेलला, खुंटाला दोन वेढे दिले आणि चहाचा पेला पुढे केला.

"इंजिन खोटं निघालं," भाऊजी म्हणाले.

"इंजिन चांगलं आहे."

"मग घोडे कुठे गेले? शंभर घोडे वाढवले, वहिनी! पाणी प्यायला थांबलेत की काय?"

वहिनी हसल्या. त्यांना ठाऊक होतं, घोडे कुठे गेले ते.

या घराण्याचा धंदा जेट बोटींचा. जेट बोटीला खाली पंखा लोंबत नाही. ती पोटातून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून फेकते, म्हणून जिथे गुडघाभर पाणी आणि दगडच दगड, तिथेही बिनधास्त जाते. सासऱ्यांनी हयातभर शर्यतीच्या बोटी बांधल्या. इंजिनं धाकट्या मुलाकडे आली, रंगकाम थोरल्याकडे आणि पंप थोरल्या सुनेकडे. रोज सकाळी कारखान्यात पाऊल टाकलं की पंपाच्या जाळीत हात घालून शेवाळ, काडीकचरा काढायचा आणि मगच दुसऱ्या कामाला हात लावायचा, हा वहिनींचा नेम. आजारी असल्या तरी तो चुकत नसे.

ही बोट मात्र शर्यतीची नव्हती. नदीच्या वरच्या, खडकाळ अंगाला पुरात माणसं अडकतात. बचाव पथकाला त्यांच्यासाठी बोट हवी होती. पथकप्रमुखांची अट एकच: नव्वदने पळाली पाहिजे. आणि बोट पसंत पडली तर तिच्याबरोबर ती चालवणारं माणूसही कारखान्यानेच द्यायचं, कारण आधीच्या चालकाने गाव सोडलं होतं. वहिनींनी परवाना काढून ठेवलेला होता. इतकी वर्षं बोटीच्या पोटात डोकं घालून काढली, आता बोटीच्या सुकाणूवर बसायचं होतं. हे त्यांनी घरात एकदाच सांगितलं, हळू आवाजात, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.

भाऊजींचा हिशोब सरळ होता. तीनशेच्या इंजिनाने ऐंशीचा वेग दिला, तर चारशेचं शंभरच्या वर नेईल. नव्वद म्हणजे डाव्या हातचा मळ.

वहिनींनी पाण्याने भरलेली बादली ओढली. "हात घाला. फिरवा, सावकाश."

"वहिनी, मी काय शाळेत आहे?"

"फिरवा हो. आता दुप्पट जोरात."

भाऊजींनी फिरवला. बादली डुचमळली आणि अर्धं पाणी त्यांच्या चपलांवर आलं.

"जमलं दुप्पट?"

"खांदा निखळला."

"दुप्पट फिरवायला दुप्पट ताकद पुरत नाही. आठपट लागते. पंपातला पंखा दिवसभर हेच करतो. तुम्ही ताकद एक तृतीयांश वाढवलीत, तर पंखा दहावा हिस्साच जास्त फिरणार. ऐंशीचे झाले अठ्ठ्याऐंशी. त्यातले दोन नव्या इंजिनाच्या वजनाने खाल्ले."

"हे इंजिन घ्यायच्या आधी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तुम्ही 'बरं, बरं' म्हणालात."

"मी 'बरं, बरं' म्हणतो तेव्हा ऐकत नसतो, हे आख्ख्या घराला माहीत आहे." भाऊजींनी चपला झटकल्या. "पंपात काही करता येईल?"

"पंप नीट आहे. त्यातून आणखी पिळून काढलं तर एखादा मिळेल, चार नाही."

भाऊजी म्हणजे शर्यतीच्या घरात वाढलेला माणूस. वेग कमी पडला की काय करायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. सासरे शर्यतीच्या दिवशी बोटीतून सीटा काढायचे, जादा दोर काढायचे, टाकीत घोटभर पेट्रोल ठेवायचे आणि चालवणाऱ्याला नाश्तासुद्धा करू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी तेच केलं. मागच्या सीटा, स्ट्रेचर, त्याचे कप्पे, दोर, ऑक्सिजनचं नळकांडं, सगळं उतरवून धक्क्यावर मांडलं. बोट भांडं घासून पालथं घालावं तशी रिकामी झाली. आणि खरोखर नव्वद पळाली.

"नव्वद!" भाऊजी लांबूनच ओरडले. "पास! वहिनी, तुमची नोकरी पक्की!"

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. मागून हातावरचा निळा रंग पुसत थोरले आले.

"या बोटीपायी महिनाभर घरात दुसरा विषय नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला एकदा बसवा तरी."

"या ना आई, बसा."

सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. "कुठे बसू? सीट कुठाय? मी काय बटाट्याचं पोतं आहे, तळाला ठेवायला?"

झालं. सासूबाईंसाठी सीटा परत आल्या. धक्क्यावरचा पसारा त्यांना बघवेना, म्हणून नळकांडं, दोर, स्ट्रेचरही चढलं. बसवलंच आहे तर लांब जाऊ, म्हणून टाकी भरली. सासूबाई बसल्या, थोरले बसले, भाऊजी बसले. सुकाणूवर वहिनी.

"माझं वजन कुणी विचारायचं नाही," सासूबाईंनी बजावलं.

वहिनींनी पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि इंजिन चालू केलं.

जुन्या इंजिनाला एवढं ओझं दिलं की काय व्हायचं, ते त्यांना पाठ होतं. नाक आभाळाकडे, शेपूट पाण्यात, आणि बोट आपल्याच लाटेचा डोंगर चढत बसायची. वर यायलाच तयार नसायची. आज त्यांनी वेगाचा दांडा पुढे सारला आणि बोटीने एक दीर्घ श्वास घेतल्यासारखं केलं, नाक खाली आणलं आणि ती सपाट होऊन पळायला लागली. सासूबाईंच्या तोंडून "अगं आई गं" निघेपर्यंत धक्का मागे पडला होता.

काटा ब्याऐंशीवर.

वहिनींनी पुन्हा पाहिलं. एवढी माणसं, भरलेली टाकी, सगळं सामान, आणि ब्याऐंशी. सगळे घोडे इथे होते तर. ते ओझ्याखाली खांदा द्यायला उभे होते.

परतल्यावर भाऊजी सीटांचे नट सोडायला लागले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"उद्या परीक्षा आहे. रिकामी नेऊ, नव्वद दाखवू. मग जोडू परत."

"भरलेली नेऊ."

भाऊजींनी पाना खाली ठेवला. "वहिनी, भरलेली नव्वद जाणार नाही. नापास झाली तर बोटही गेली आणि तुमचं सुकाणूही गेलं. तुम्हालाच हवं होतं ना ते?"

"हवं आहे. अजून हवं आहे."

"मग हा हट्ट कशाला?"

"भाऊजी, रिकामी दाखवून सुकाणू मिळालं, तर पहिल्या पुरात भरलेली बोट घेऊन मीच जाणार आहे. तेव्हा मी कुणाला सांगू की नव्वदचा आकडा सीटा काढून आला होता?"

थोरले पुढे आले. त्यांनी पाना उचलून पेटीत टाकला. "तिचं ती बघेल," म्हणाले आणि रंगाकडे गेले. लग्नापासून एवढ्या भरवशाचं वाक्य वहिनींनी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं.

पथकप्रमुख उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. हातात वेग मोजायचं यंत्र घेऊन ते धक्क्याच्या टोकाला उभे राहिले. त्यांनी बोट पाहिली, आतलं सामान पाहिलं.

"रिकामी नाही आणलीत?"

"रिकामी बोट बुडणाऱ्याच्या काय उपयोगाची, साहेब?" वहिनींचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुमची माणसं बसवा. पुरात जितकी घेता तितकी."

पथकातले गडी एकमेकांकडे बघत चढले. वहिनी गेल्या आणि आल्या. यंत्रावर ब्याऐंशी.

"मी नव्वद सांगितले होते," साहेब म्हणाले.

"हो. सामान आणि माणसं उतरवली तर नव्वद होतात, काल करून पाहिलं. म्हणाल तर आत्ता करून दाखवते. पण कुणाला काठावर ठेवायचं, ते तुम्ही सांगायचं."

भाऊजी मागे उभे राहून नखं कुरतडत होते. साहेबांनी पुन्हा यंत्राकडे पाहिलं. तेवढ्यात बोटीतला एक दाढीवाला गडी खाकरला.

"साहेब, मागच्या पुरात त्या नवरा-बायकोला खडकावरच ठेवून यावं लागलं होतं. पाच माणसं बसल्यावर आपली बोट पाण्यावर उचललीच नाही. दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं." त्याने बोटीच्या काठावर थाप मारली. "ही उचलते. मी आत बसून बघितलं."

साहेबांनी यंत्र खिशात घातलं आणि बोटीत पाय टाकला. सासूबाईंनी धक्क्यावरून भाऊजींना कोपराने ढोसलं, "नखं खाऊ नकोस."

"वर चला," साहेब म्हणाले. "खडकांकडे."

वहिनींनी बोट वर नेली. नदी तिथे अरुंद होते आणि खळाळत अंगावर येते. ऐन धारेत साहेब म्हणाले, "थांबवा." वहिनींनी थांबवली. बोट मागे वाहू लागली. दोन्ही बाजूंना काळे दगड सरकत होते. "आता उचला."

त्यांनी घाई केली नाही. नाक धारेच्या बरोबर समोर येऊ दिलं, मग दांडा पुढे सारला. खाली पंप भरून पाणी प्यायल्याचा तो जाड, भरघोस आवाज आला. एवढ्या माणसांसकट बोट धारेवर चढली, सपाट झाली आणि दगड उलटे मागे पळू लागले.

साहेब कठडा धरून उभे होते. वाऱ्यात त्यांना ओरडून बोलावं लागलं.

"पथकाचं जॅकेट शिवायला टाकायचं आहे. तुम्हाला कुठल्या मापाचं लागतं?"

पुढे पाण्याची उथळ पट्टी येत होती, तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. वहिनींनी आधी ती पार केली. मग माप सांगितलं.