पळत्या पातेल्यातल्या लाह्या

शालनच्या घरात दुपारी कुणी मोठ्याने बोलत नसे. भांडं ठेवायचं ते खाली फडकं घालून, आणि शिंक आलीच तर नाक दाबून थेट मागच्या अंगणात पळायचं. तिच्या वडिलांची, अण्णांची, कारखान्यात तिसरी पाळी होती. रात्रभर लेथवर उभं राहून ते सकाळी घरी येत आणि जेवून दुपारभर झोपत. मागच्या महिन्यात एकदा झोप अपुरी राहिली आणि चालू मशीनवर त्यांचा डोळा लागला. बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून आई त्यांच्या झोपेची राखण करी.

अशा घरी मैत्रिणी कशा आणायच्या? आणि शालनला तर त्या आणायच्याच होत्या! नववीत गेल्यापासून तिला नुसते पंख फुटले होते. गॅदरिंगच्या कानडी नाटकात मिशी लावून ती राजा झाली होती, आणि टाळ्याही तिलाच जास्त पडल्या होत्या. प्रेमाच्या घरचे डोसे, जयलक्ष्मीच्या घरचा झोपाळा, सगळीकडे हिचा हक्क. पण "तुझ्या घरी कधी गं?" असं कुणी विचारलं की राजाची दातखीळ बसे. शेवटी एकदा तोंडातून निघूनच गेलं, "शनिवारी या. टॉकीजमध्ये मिळतात ना, तशा गोड-खारट मक्याच्या लाह्या करणार आहे मी. घरी, स्टोव्हवर!"

"तशा घरी होत नाहीत," प्रेमा म्हणाली. "त्याला मशीन लागतं."

"काही लागत नाही. ये तर खरी!"

घरी हे ऐकून आईने कपाळावर हात मारला. "लाह्या? अगं, घरात फटाके वाजवणार आहेस का तू?"

"मागच्या अंगणात करीन, अगदी कुंपणापाशी. वातीचा स्टोव्ह घेते, तो आवाज करत नाही."

"सरी, कर बाई," आई म्हणाली. "पण त्यांची झोप मोडली तर हा पहिला आणि शेवटचा शनिवार. नंतर माझ्यापाशी रडायचं नाही."

शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी आल्या. चपला हातात घेऊन, चोरासारख्या, घराला वळसा घालून मागे. खिडकीतून अण्णांचं घोरणं ऐकू येत होतं. जयलक्ष्मीला त्यावरच हसू फुटलं. शालनने तिला चिमटा काढला. "हस की! पण तोंड मिटून."

मामाने निपाणीहून लाह्यांचा बारीक, कडक मका आणला होता, जेमतेम दोन ओंजळी. पहिली ओंजळ शालनने जाड बुडाच्या पातेल्यात तेल-साखरेबरोबर घातली आणि वर ताट झाकलं. पण त्यांच्या नव्या वस्तीत, जयनगरात, तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉटच फार. वारा असा सुटला होता की ज्योत एकदा इकडे लवे, एकदा तिकडे. शालन उठे, बसे, ताटाला कान लावी, खिडकीकडे बघे. पातेलं गप्प.

"मशीन लागतं," प्रेमा कुजबुजली.

"गप गं! परकर पसर तुझा. तू पण जया, इकडून."

दोघी परकर फाकवून स्टोव्हला आडोसा करून बसल्या. ज्योत सरळ झाली, आणि थोड्या वेळाने धूर आला. ताट उचललं तर तळाशी साखरेचा काळा गोळा आणि त्यात अडकलेले दाणे. फुटलेल्या लाह्या पाच-सहा, त्याही कडू जहर.

जयलक्ष्मी भली पोर. "छान लागतायत," म्हणाली आणि तोंड वाकडं करून एक लाही गिळून टाकली.

शालनच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण डोळे पुसायला वेळ कुणाला होता? तिने राखेने पातेलं खसाखसा घासलं, उरलेली ओंजळ घातली, नवं तेल, नवी साखर. या खेपेला मात्र ती ताटावरून नजर हटवीना. एक दाणा तडकला. मग दुसरा. मग एकदम ताडताड ताडताड, जणू पत्र्यावर कुणी खडे फेकतंय!

आणि खिडकीतलं घोरणं थांबलं.

तिघी जागच्या जागी थिजल्या. लाह्या थोड्याच थिजणार? त्या आता कुठे रंगात आल्या होत्या. स्टोव्ह विझवला तरी तापलेलं पातेलं ऐकेना. आतून खाट करकरली. आता अण्णा उठणार, रात्री झोपाळल्या डोळ्यांनी मशीनपाशी उभे राहणार.  शालनने जाड टॉवेल ताटासकट पातेल्याभोवती आवळला, ते उचललं आणि धूम ठोकली!

कुंपणाच्या फटीतून बाहेर, मोकळ्या प्लॉटातून, दगडांवरून उड्या मारत. हातात पातेलं तडतडतंय, वेण्या पाठीवर आपटतायत, मागे परकर वर धरून दोघी. चरणारी एक म्हैस बिचकून बाजूला झाली. पार कोपऱ्यावरच्या चिंचेखाली पोचल्यावरच शालन थांबली, तेव्हा पातेलंही शांत झालं होतं.

तिने ताट काढलं. आत काठोकाठ लाह्या! पांढऱ्या, फुललेल्या, प्रत्येकीवर साखरेचा पातळ, सोनेरी थर. एकही करपलेली नाही. धावताना पातेलं इतकं हिंदकळलं होतं की साखरेला तळाशी बसायला उसंतच मिळाली नाही.

"मीठ!" शालन ओरडली. मिठाची वाटी अंगणातच राहिली होती.

प्रेमाने मूठ उघडली. निघता निघता तिने वाटीतलं मीठ मुठीत घेतलं होतं. घामाने ते ओलं झालं होतं, तरी तिने चिमटीने भुरभुरलं. पहिली लाही तिने तोंडात टाकली. लगेच दुसरी घेतली, मग तिसरी.

शालनने मात्र अजून एकही लाही उचलली नव्हती. ती टाचा उंचावून घराकडे बघत होती. इतक्यात आई अंगणाच्या कुंपणाशी आली. दोन्ही तळवे जोडून तिने गालाखाली धरले आणि मान कलती केली. मग पातेल्याच्या दिशेने हात नाचवून, "मला ठेवा," अशी खूण केली.

शालन खाली बसली आणि दोन्ही हातांनी लाह्या तोंडात भरू लागली.

"पुढच्या शनिवारी मका मी आणते," प्रेमा म्हणाली. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी ती अजून कुजबुजतच होती.

"तुझ्या घरी?" शालनने विचारलं.

"छे! इथेच. तुमच्याकडे."