डागी चादर

“हळू ओढा, दोन्हीकडून सारखी,” नारायण सर म्हणाले.

दोन बाकांमधल्या फटीतून चादर वर येत होती आणि मुलं तिची टोकं उलट्या दिशांना ओढत होती. निवृत्तीनंतर सर दर रविवारी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मुलांना भूगोल शिकवत. आज समुद्राचा तळ शिकवायचा होता. चादर नववीतल्या फिरदोसने घरून आणली होती.

“ही फट म्हणजे समुद्राच्या मधोमध, पाण्याखाली असलेली डोंगररांग. तिथं तळ दोन्हीकडे सरकतो. खालून तापलेला खडक वर येतो, वितळतो, थिजतो. झाला नवा तळ!”

चादर पुढे सरकली तसे तिच्यावर आडवे पट्टे दिसू लागले. कुठे धागे दाटून बसलेले, कुठे इतके विरळ की खालचं बाक दिसावं. सरांचे डोळे चमकले.

“अरे, हेच तर सांगायचं होतं! काही ठिकाणी पृथ्वीच्या पोटातून उष्ण खडकाचा झोत वर येतो. पण एकसारखा नाही. पिठलं रटरटताना कसं थांबून थांबून उसळतं, तसा. उसळी आली की जास्त खडक वितळतो, तळ जाड होतो. ओसरली की पातळ. लाखो वर्षांच्या उसळ्यांचे तळावर असे पट्टे राहतात. फिरदोस, हे कसे पडले गं?”

फिरदोस खाली बघत म्हणाली, “डिझाईन हाय सर.”

“कशाचं डिझाईन!” देवयानी हसली. तिचे वडील शंकरप्पा चादरींच्या कारखान्यात मुकादम होते. “डागी माल हाय. माग बंद पडल्यावर नीट जुळवून चालू केला न्हाय की असं होतंय. तुझ्या अब्बांनी विणली न्हवं?”

वर्ग हसला. सर मात्र रंगात आले होते.

“बरोबर, चूकच आहे ही. पण काय सुंदर चूक आहे!” म्हणत त्यांनी चादर उंच धरली आणि सगळ्या बाकांवरून फिरवली.

तास सुटल्यावर फिरदोसने चादरीची घडी घातली, पट्टे आत जातील अशी. ते पाहिलं तेव्हा कुठे सरांचे कान तापले. पण हाक मारायचं धैर्य झालं नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही.

“सर, मी बाबांना सगळं समजावलं!” देवयानी सांगू लागली. “झोत, उसळी, पट्टे. फिरदोसच्या अब्बांची, राजेसाबकाकांची चादर बी सांगितली.”

“मग?”

तिचा आवाज खाली आला. “बाबांनी काकांना मागाच्या फणीतनं, त्या बारीक फटींतनं, धागा ओवायला लावला. जमला न्हाय. मोतीबिंदू हाय म्हणं. मागावरनं काढलं त्यांना.”

सोमवारी सर कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात, कोपऱ्यात, बायका कांड्यांवर सूत भरत बसल्या होत्या. आयुष्यभर माग चालवलेले राजेसाब त्यांच्यात बसले होते. सरांना बघून ते अंगावरचा कापूस झटकत उठले.

“या की सर. हितं कशाला आलात, लई आवाज हाय.”

“राजेसाब, माझ्यामुळं...”

“तुमच्यामुळं कसं? डोळं माझं हायत की. मीच ती चादर इकत घेऊन घरी दडवली. पोरीला काय ठावं?”

“मी ती सगळ्यांना दाखवत फिरलो.”

“शिकवायला दाखवली न्हवं?” राजेसाब मागांकडे न बघता म्हणाले. “आपरेशन झाल्यावर बघू म्हणत्यात. पर फिरदोस लाजतीया, शाळंत येत न्हाय म्हणती. सर, समुद्राखाली आजून बी नवा तळ होतोय व्हय?”

“होतोय.”

“जाड-पातळ?”

“जाड-पातळ.”

“कसं ते मला नीट सांगा की. मी घरी तिला सांगतो. अब्बाला बी कळलं म्हणल्यावर येईल ती.”

शेजारच्या बाईने हातातली कांडी थांबवली. सरांनी दोन्ही तळवे, नमस्कारात जोडावेत तसे, एकमेकांना टेकवून वर उचलले. आता ते दोन बाजूंना सरकवून दाखवायचे होते. ते त्यांना जमेना. राजेसाब मान किंचित पुढे करून, बारीक डोळ्यांनी त्या हातांकडे बघत उभे राहिले.