द्वारकाबाईची माळ

सलाईन लावायला नर्स आली तशी द्वारकाबाईनं हात पांघरुणाखाली ओढून घेतला. ते औषध मला नको, असं तिनं सरळ सांगून टाकलं. नर्सनं तिच्या नवऱ्याकडे, बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथनं खिडकीबाहेर पाहिलं, कारण तिथं तरी कुणी त्याच्याकडे उत्तर मागत नव्हतं.

सगळा घोळ डॉक्टरीणबाईंच्या चांगुलपणामुळे झाला होता. रक्ताचा कॅन्सर म्हटल्यापासून द्वारकाबाई घाबरून मुकी झाली होती. तिला धीर यावा म्हणून त्या तरुण बाई सकाळी कॉटवर टेकल्या आणि औषधाची जन्मकथाच सांगत बसल्या. समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा स्पंज नावाचा एक जीव असतो. त्याच्या अंगात शास्त्रज्ञांना काही वेगळीच द्रव्यं सापडली आणि त्यांच्यावरून हे औषध तयार झालं. बरीच माणसं त्यानं उठून चालायला लागली आहेत. बद्रीनाथ हरखून ऐकत होता. त्यांच्या मंठा गावाच्या आसपासच्या बोअरमध्ये अडकलेल्या पाण्याच्या मोटारी वर ओढण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. एवढ्या खोल उतरून कुणीतरी आपल्या बायकोसाठी काही वर काढलंय, या विचारानं त्याला भरून आलं. द्वारकाबाईनं मात्र त्या सगळ्या गोष्टीतला एकच शब्द पकडला होता, तो म्हणजे जीव. ती माळकरी होती. लग्नाच्या आधीपासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि तिच्या चुलीनं कधी अंडंसुद्धा पाहिलं नव्हतं.

"त्याला डोळे असतेत का बाई?" तिनं विचारलं.

डोळे नसतात, तोंडही नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिवाय आता हे औषध कारखान्यातच तयार होतं, त्यासाठी एकाही जिवाला हात लावावा लागत नाही, हेही त्यांनी परोपरीनं समजावलं.

"पण मूळ त्याचंच ना?" द्वारकाबाई म्हणाली. "मंग माळ गळ्यात ठिवून मी ते कसं घेऊ?"

बद्रीनाथनं विनवण्या केल्या, आवाज चढवला, पुन्हा विनवण्या केल्या. शेवटी औरंगाबादच्या त्या दवाखान्यातून निघून, एसटी धरून तो जांब समर्थला गेला. तिच्या गळ्यात माळ घालणारे रामरावबुवा तिथं राहत. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि औषधाला दोष नसतो, खुशाल घे म्हणावं, असा निरोप दिला. बद्रीनाथ जवळजवळ धावतच परत आला. द्वारकाबाईनं निरोप ऐकला, बुवांना कॉटवरूनच हात जोडले आणि म्हणाली, बुवांचं मन मोठं, पण ही माळ माझ्या गळ्यात आहे, त्यांच्या नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की आता थांबायला वेळ उरलेला नाही. बद्रीनाथ तसाच आत गेला, कॉटच्या पायथ्याशी बसला आणि चार पेशंटांसमोर लहान पोरासारखा रडला.

"मला एकट्याला टाकून चाललीस व्हय?" एवढंच त्याला बोलता आलं.

द्वारकाबाई हळूहळू उठून बसली आणि मानेमागे हात नेऊन तिनं माळेची गाठ सोडली. माळ तिनं डोळ्यांना लावली.

"इकडं या," ती म्हणाली. "मान वाकवा."

बद्रीनाथला काही उमगेना.

"मी ते औषध घेऊन राह्यले, तर ही माझ्या गळ्यात ठिवता येत न्हाई. अन् मी काही माळ खुंटीला टांगणार न्हाई. घरात कुणाच्या तरी गळ्यात पायजे. तुम्ही घाला."

"अगं, पण मी..." बद्रीनाथ चाचरला.

"लतीफभाईकडं शुक्रवारी काय जेवता, ते मला बराबर ठाऊक हाय. बडीशेपीनं वास जात नसतो."

शेजारच्या कॉटवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. बद्रीनाथनं निमूट मान वाकवली. द्वारकाबाईनं थरथरत्या बोटांनी गाठ मारली, ती पक्की बसल्याची खात्री केली आणि मगच नर्सपुढे हात केला.

पुढचे महिने सोपे नव्हते. तिचे केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटही उलटून पडे. दवाखाना आणि मंठा यांच्यात बद्रीनाथच्या नुसत्या चकरा चालू होत्या. तिला घरी सोडलं की तो लगेच कामावर हजर व्हायचा आणि उन्हात उघड्या अंगानं बोअरचे पाइप वर ओढायचा. शुक्रवारी त्याचा दोस्त लतीफ वेल्डिंगचं दुकान बंद करून त्याला सवयीनं घरी न्यायचा. पहिल्याच शुक्रवारी समोर गोदावरीतली मासळी आली, मसाल्याचा वास नाकात शिरला आणि बद्रीनाथचा हात ताटाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात माळ टोचली. आपण हा घास घेतला तर तिकडे तिचं औषध लागू पडायचं थांबेल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं ताट सरकवून ठेवलं. लतीफच्या बायकोनं, अकबरबीनं, ते पाहिलं. पुढच्या शुक्रवारी त्याच्यासमोर वाटी ठेवत ती म्हणाली, "बद्रीभाई, तुमारे वास्ते दाल अलग पकाई मैं." त्या घरात मग दर शुक्रवारी एक वेगळं पातेलं चढू लागलं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेऊन सांगितलं की रक्तात आता काही दिसत नाही. औषध बंद, फक्त तपासणीला येत जा. बद्रीनाथ अख्ख्या एसटीत एकटाच हसत बसला होता. घरी पोचल्यावर त्यानं हातपाय धुतले, माळ सोडली आणि दोन्ही हातांवर धरून तिच्यापुढे केली.

"घे बाई तुझी ठेव."

द्वारकाबाईचं लक्ष माळेकडे नव्हतंच. उन्हानं रापलेल्या त्याच्या काळ्या मानेभोवती एक गोरी रेघ उमटली होती. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढी घट्ट बांधल्ती का मी?"

"न्हाई. म्या काढलीच न्हाई. आंघोळीलाबी न्हाई."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं माळ घेतली, कपाळाला लावली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. तिच्या डोक्यावर नुकते कुठे केस उगवू लागले होते. गळा मोकळाच होता.

"त्या जिवानं मला जगवलं," ती म्हणाली. "आता काही घेतलंच न्हाई असं दाखवून, त्याचं उपकार विसरून मी कोणत्या तोंडानं ही घालू? तुमच्याच गळ्यात ऱ्हाऊ द्या."

बद्रीनाथला लतीफच्या घरातली मासळी आठवली, मग अकबरबीचं वेगळं पातेलं आठवलं. त्यानं मान वाकवली. द्वारकाबाईनं माळ बरोबर त्या गोऱ्या रेघेवर बसवली आणि गाठ मारली. या वेळी तिची बोटं थरथरत नव्हती.